तात्या आणि बिनचाकाचं यंत्र

तात्या परब समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे कधी बघत नसत. ते ओठांकडे बघत. नवीन माणूस त्यामुळे अवघडायचा, आणि पहिल्यांदा घरी आलेला एखादा पाहुणा दाताला काही लागलंय की काय म्हणून गुपचूप जीभ फिरवून घ्यायचा. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत मात्र याचं कुणाला काही वाटत नसे, कारण निम्म्या चाळीचे पुरुष असेच बघायचे. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात तिथे, ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं कापड विणलं, त्यांचे कान साच्यांनी खाल्ले होते. शेकडो साचे एकदम धडधडत असताना ओरडून उपयोग नसतो. माणसं ओठ वाचायला शिकतात आणि घरी आल्यावरही तीच सवय राहते.

या बाबतीत तात्यांचा हात कुणी धरू शकत नसे. गॅलरीत उभं राहून ते समोरच्या चाळीतलं नवरा-बायकोचं भांडण बघायचे आणि आम्हा पोरांना शब्दन् शब्द सांगायचे. आतून सुशीलाकाकी, म्हणजे त्यांची बायको, ओरडायची, "दुसऱ्याच्या घरातला कित्याक वाचतास?" तिच्याकडे तात्यांची पाठ असायची, त्यामुळे त्यांना ते कळायचंच नाही. काकी मग पुढे येऊन, त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायची आणि तेच वाक्य पुन्हा, सावकाश म्हणायची. त्यांचा सगळा संसार असा हनुवटी धरून झाला.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत होते. माझे वडील पाचव्या महिन्यात गावी निघून गेले आणि परत आलेच नाहीत. त्यानंतर आई आणि मी काकीच्याच ताटात जेवलो. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं ते वाचताना ते लक्षात असायला हवं.

त्या दिवसांत सगळी माणसं गिरणीच्या फाटकावर जाऊन बसायची. एका सकाळी तात्या तिथून लवकर परत आले. वरच्या मजल्यावर ऑफिसच्या खिडकीत मोठे साहेब कुणा पाहुण्याशी बोलत उभे होते आणि तात्यांनी खालून ते वाचलं होतं. "साल भर और. फिर ये लोग खुद गाँव चले जाएँगे," असं साहेब म्हणाले होते. तात्यांनी ते चाळीत सांगितलं तर लोक हसले. गिरणी काय कुणी बंद ठेवतं का, असं सगळे म्हणाले. एकाने तर तात्यांना मालकाचा माणूस म्हटलं. तात्यांनी वाद घातला नाही. "मी माझ्या मनातला सांगूक नाय. दिसला ता सांगलंय," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून कॉटन ग्रीनच्या एका गोदामावर रखवालदार म्हणून जायला लागले. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

ओठ वाचायला मी त्यांच्याकडूनच शिकले. ते आवाज न करता बोलायचे आणि मी ओळखायचे, असा आमचा खेळ होता. त्या खेळाच्या जोरावर मोठेपणी मला दादरला एका श्रवणयंत्रांच्या दुकानात नोकरी लागली. कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. यंत्र कानात बसवून द्यायचं, आवाज जुळवून द्यायचा, घाबरलेल्या म्हाताऱ्यांना धीर द्यायचा, हे माझं काम. मालक मला दुकानाचा गोड गळा म्हणायचे.

तात्यांना पहिलं यंत्र मीच बसवलं. कानामागे ठेवायचं, जाडसर, त्याला आवाज कमी-जास्त करायचं एक छोटं चाक आणि सेल बदलायला एक दार. त्यांनी ते दोन दिवसांत आपलंसं केलं. सेलच्या दाराला साचेवाल्यांची बारीक गाठ मारून दोरा बांधला, म्हणजे न बघता ओढता यावं. चाकाला एका जागी मेणाचा ठिपका लावला, म्हणजे आवाज कुठवर आहे ते बोटाला कळावं. काकी फार बोलायला लागली की ते तिच्यादेखत कानामागे हात न्यायचे आणि म्हणायचे, "हां, कमी केलंय. आता बोल." काकी हसायची आणि मग खरंच बोलायची.

त्या मेणाच्या ठिपक्याची गरज लवकरच पडली. तात्यांना काचबिंदू झाला होता आणि तो कळेपर्यंत बरीच नजर गेली होती. "मधला दिसता, बाजूचा गेला," असं ते म्हणायचे. समोर उभ्या माणसाचे ओठ दिसायचे, पण त्याच्या बाजूला कोण आहे ते दिसायचं नाही. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की मधलंही जाणार, किती दिवसांत ते सांगता येत नाही. ओठ दिसेनासे झाले की तात्यांपाशी राहणार होतं ते फक्त कानातलं यंत्र. हे त्यांना पुरतं कळलं होतं. यंत्र ते रात्री उशाशी ठेवत नसत, मुठीत धरून झोपत.

अशात, आम्ही जिची यंत्रं विकायचो त्या कंपनीने नवं यंत्र काढलं. गुळगुळीत, वालाच्या दाण्याएवढं, कानात घातलं की दिसतसुद्धा नाही. चाक नाही. दार नाही. सेल आत कायमचा बंद, यंत्र डबीत ठेवून चार्ज करायचं. आवाज कमी-जास्त करायचा तो फोनवर, काचेवर बोट फिरवून. आणि कुठला आवाज ऐकवायचा, कुठला गाळायचा हे यंत्र स्वतः ठरवणार. जुनं चाकवालं यंत्र त्याच महिन्यापासून बंद झालं.

दुकानात दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं दिसायला लागली. नोकरी करणारी, पन्नाशीतली माणसं खूष होती. कानात काही आहे हे ऑफिसात कुणाला कळत नाही, यापलीकडे त्यांना काही नको होतं. दुसरी आमच्या गिरणगावातली, ठाकूरद्वारच्या वाड्यांमधली, कोळीवाड्यातली. मासे विकणारी पारूबाई कोळीण तर यंत्र काउंटरवर आपटून म्हणाली, "ओल्या बोटान काच चालत नाय गो बाय. मी कोलंबी सोलू का बोटा पुशीत बसू?" ठाकूरद्वारचे एक निवृत्त हेडमास्तर दर आठवड्याला सुंदर अक्षरात तक्रार आणून द्यायचे. कुणी म्हणे चाक द्या, बाकी काही नको. कुणी म्हणे जुनं विकत घेतो, दुप्पट पैसे घ्या. काउंटरवरची तक्रारवही दोन महिन्यांत भरली.

मग कंपनीने वही बंद केली. यापुढे तक्रार फोनवरून करायची, असा नियम आला. फोन वापरता येत नाही हीच ज्यांची तक्रार, त्यांनी ती फोनवर करायची. तक्रारी एकदम कमी झाल्या. वरून अभिनंदनाचं पत्र आलं आणि मालकांनी आम्हाला पेढे वाटले. मीही एक खाल्ला.

त्याच सुमारास तात्यांचं जुनं यंत्र बिघडलं आणि सुटा भाग कुठेच मिळेना. कंपनीने तेव्हा नेमका ग्राहक मेळावा ठेवला होता, म्हणून मी तात्यांना घेऊन गेले. लोअर परळला एका टॉवरच्या विसाव्या मजल्यावर. तो टॉवर तात्यांच्याच गिरणीच्या जागेवर उभा होता. खाली गाडीतून उतरल्यावर ते क्षणभर थांबले, पायाने जमीन चाचपली आणि म्हणाले, "हय बॉयलर होतो."

मेळाव्यात सरबत मिळालं, चित्रफीत दाखवली गेली. प्रश्न विचारायला हेडमास्तर उठले तेव्हा वेळ संपली होती. काचेच्या भिंतीपलीकडे कंपनीचे दोन साहेब बोलत उभे होते. तात्या मान सरळ ठेवून, उरलेल्या मधल्या नजरेने त्यांच्याकडे एकटक बघत होते. मी त्यांच्या तोंडासमोर येऊन विचारलं, "काय म्हणतायत?"

"आदत पड़ जाएगी, म्हणता. धाकटो विचारता, नहीं पड़ी तो? तर मोठो म्हणता, ये बुड्ढे लोग और कितने साल हैं."

मला वाटलं ते चिडतील. त्यांनी सरबत संपवलं, पेला नीट ठेवला. "तोंडा नवी. बोलणा ताच," म्हणाले. परतीच्या वाटेवर टॅक्सीत त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. मला त्या दिवशी नव्या यंत्राची भीती वाटली होती. ती मी मनावर घेतली नाही, कारण दुसरं यंत्र माझ्यापाशी नव्हतं आणि तात्यांना बहिरं ठेवणं मला शक्य नव्हतं. आठवड्याने मीच त्यांच्या कानात नवं यंत्र बसवलं.

त्यांनी ते हातात घेऊन सगळीकडून बोटांनी चाचपलं. सवयीने दोरा शोधला. "ह्याका गाठ मारूक जागाच नाय गो," म्हणाले.

आमची चाळ एव्हाना पाडली गेली होती. तिच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्हा जुन्या भाडेकरूंना घरं मिळाली होती. मी चौथ्यावर, तात्या आणि काकी अकराव्यावर. घरं स्वच्छ, संडास आत, आणि सगळ्यांची दारं बंद. पोर नाही, शेजारीण नाही, गॅलरी नाही. तात्यांची मुलगी नंदा डोंबिवलीला, ती रविवारी यायची. तिचा जुना फोन यंत्रासाठी तात्यांच्या उशाशी ठेवला होता. त्याची काच त्यांना चालवता येत नव्हती, म्हणून मीच दोन-चार दिवसांनी वर जाऊन सगळं तपासायचे. घराची एक किल्ली माझ्याकडे असायची.

नव्या यंत्राने तात्यांना पहिल्यांदा घाबरवलं ते शांततेने. पंख्याची घरघर, नळाची धार, खालची वाहनं, सगळं यंत्र गाळून टाकायचं. तात्या दचकायचे. "पंखो बंद पडलो?" म्हणत हात वर धरून वारा लागतोय का बघायचे. नळाखाली बोट धरायचे. मला समजावायचे, "साचो गप झालो की आधी धावायचा. धागो तुटलो तरी साचो गप होता, माणूस अडाकलो तरी गप होता. गप झाला म्हणजे कायतरी घडला." पंचवीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. गप्प झालेल्या साच्याकडे धावण्याचा पगार त्यांना मिळत होता.

आणि मी, दुकानाचा गोड गळा, त्यांची ही खोड मोडून काढली. आम्हाला शिकवलेलं वाक्य मी त्यांना शंभरदा तरी ऐकवलं असेल: "शांत वाटलं की घाबरू नका, शांत वाटलं म्हणजे यंत्र नीट चाललंय." पंख्याखाली हात धरला की मी रागवायचे. ते नळापाशी गेले की काकी माझ्याकडे त्यांचं नाव सांगायची. दोन महिन्यांत तात्यांनी उठून बघणं सोडून दिलं. मला त्याचा अभिमान वाटला. दुकानात मी ही गोष्ट इतर गिऱ्हाइकांना सांगायचे.

त्या दिवशी तात्या जेवून आडवे झाले होते आणि यंत्र डबीत ठेवलं होतं. झोपेच्या वेळात कंपनीने डबीतल्या यंत्राला नवा अपडेट पाठवला. दोनच्या सुमाराला तात्या उठले, यंत्र कानात घातलं आणि खुर्चीत बसले. काकी कपडे धुवायला न्हाणीघरात गेली होती.

तीनपासून नंदा दोघांचे फोन लावत होती. कुणी उचलेना, तेव्हा तिने मला दुकानात फोन केला. मी टॅक्सी करून निघाले. चार वाजून गेले होते. लिफ्टमधून बाहेर पडले तेव्हा त्या मजल्यावरची चारही दारं लावलेली होती आणि आतून टीव्हीचे आवाज येत होते. मी किल्लीने दार उघडलं.

तात्या खुर्चीत बसले होते. मला समोर बघून त्यांचा चेहरा खुलला. "ये गो, ये," म्हणाले. "आज तुझा मशीन काय बरा चलता! मगासपासून कसा शांत शांत वाटता."

आणि न्हाणीघरातून काकीचा आवाज येत होता. तो आता हाक राहिला नव्हता. नुसतं "अवो... अवो..." चाललं होतं, बारीक, मध्ये थांबून. तात्यांच्या खुर्चीपासून ते दार चार पावलांवर होतं.

उशाशी ठेवलेल्या फोनच्या काचेवर एक चौकट उघडी होती. नवा अपडेट आला आहे, पुढे जायचं का, आणि खाली हो-नाहीची दोन बटणं. त्यातलं एक दाबेपर्यंत यंत्र मुकं राहणार होतं. ते सव्वा दोन तास मुकं होतं.

न्हाणीघरात पाय घसरून काकीचं खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळात न्यूमोनिया झाला आणि तीन आठवड्यांनी ती गेली. शुद्धीत होती तोवर ती एकच गोष्ट सारखी विचारायची, "तेंनी आयकूक नाय की आयकान येवक नाय?" मी तिला सांगितलं की त्यांना ऐकूच आलं नाही. तिचा विश्वास बसला की नाही, मला अजून कळलेलं नाही. तात्या तिच्या उशाशी बसून असायचे. कानात काही घालायचे नाहीत, आणि तिचे ओठ आता त्यांना धड दिसत नव्हते. तिने दोनदा त्यांची हनुवटी धरली. दुसऱ्यांदा तिचा हात खाली पडला.

नंदाने कंपनीकडे तक्रार केली. पंधरा दिवसांनी दुकानात एक कागद आला. यंत्र बसवणाऱ्या व्यक्तीने भरायचा. त्यात एक प्रश्न होता: यंत्र गप्प झाल्यास ते बंद पडलं आहे का हे तपासण्याची पद्धत ग्राहकाला समजावून दिली होती का? पुढे हो आणि नाही असे दोन चौकोन. मालक माझ्या बाजूला उभे होते. "शुभा, सोळा वर्षं आहेस इथे," एवढंच म्हणाले. माझा मुलगा तेव्हा बारावीत होता. मी हो वर खूण केली आणि सही केली. त्या कागदावर नंदाची तक्रार निकालात निघाली. चूक वापरणाऱ्याची, असं तिला कळवण्यात आलं.

नंदा तात्यांना डोंबिवलीला घेऊन जायला आली त्या दिवशी मी वर गेले. तात्या खाटेवर बसले होते. मधलंही गेलं होतं. मी हात हातात घेतल्यावर त्यांनी माझी बोटं, मग मनगटावरचं घड्याळ चाचपलं आणि ओळखलं. "शुभा," म्हणाले. नंदा आत स्वयंपाकघरात भांडी बांधत होती.

मला राहवलं नाही. मी त्यांच्यापुढे बसले आणि सगळं बोलून टाकलं. तुम्ही उठून बघायचात ते बरोबर होतं. मीच तुम्हाला बसवलं. आणि कागदावर मी खोटं लिहिलं, तुम्हाला तपासायला शिकवलं असं लिहिलं. मी रडत होते आणि मोठ्याने बोलत होते, कारण त्यांना ऐकू येत नव्हतं आणि दिसतही नव्हतं. तेवढ्यासाठीच मला ते बोलता आलं.

माझी आसवं त्यांच्या हातावर पडत होती, तेवढं त्यांना कळलं असावं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडा नको गो. तुझी काकी होती तवसर तू कधी उपाशी ऱ्हवलंस काय? जेवलंस आज?"

मी मान वळवली तर नंदा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती ओरडली नाही. पिशवीतून तिने एक कोरा कागद आणि पेन काढलं आणि माझ्यापुढे खाटेवर ठेवलं. "आता बोललीस ना, तेच लिहून दे," म्हणाली. "मला पैसे नकोत. बाबांची चूक नव्हती, एवढं कागदावर पाहिजे."

तात्या अजून विचारत होते, जेवलंस काय, जेवलंस काय. मी पेनला हात लावला नाही. शेवटी नंदाने तो कोरा कागद उचलला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि वडिलांच्या पायात चपला घातल्या.

तात्या त्यानंतर दहा महिने जगले. त्या दहा महिन्यांत त्यांनी सुशीलाचं नाव घेतलं की "माझ्यामुळा" हा एकच शब्द जोडायचे, असं मला नंदाच्या शेजारणीकडून कळलं. नंदा माझ्याशी बोलत नाही. नोकरी मी पुढे चार वर्षं केली, मुलाचं शिक्षण संपेपर्यंत. नंदाने मागितलेलं मी नोकरी सोडल्यावर लिहून काढलं. एक प्रत तिला डोंबिवलीच्या पत्त्यावर पाठवली, ती न फोडता परत आली.